सात मिनिटं, दोनदा

जुई नऊ महिन्यांची होईपर्यंत मी तिच्या तोंडातून चपलेचा बंद, चिकूची बी, निनादच्या शर्टाचं बटण आणि एक मुंगी एवढं काढलं होतं. माझं एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात झालं आहे. लोकांना वाटतं, बाळ वाढवताना त्याचा उपयोग होत असेल. होतो तो एवढाच, की इतर आयांना जिथे धूळ दिसते तिथे मला जंतूंच्या वसाहती दिसतात, आणि त्या वाढताना दिसतात.

म्हणून आमच्या ओट्यावर ती पेटी होती. दुधाच्या बाटल्या निर्जंतुक करायची, आत अतिनील दिवे असलेली. झाकण लावून बटण दाबलं की सात मिनिटांनी टिंग वाजायची. बाटल्यांबरोबर मी तिच्यात खुळखुळे घालायचे, किल्ल्या घालायचे, अण्णांचा चष्मासुद्धा घालायचे.

"एक दिवस मला पण घालशील त्यात," निनाद म्हणायचा.

"मावलास तर घालीन."

पुढे जे झालं ते मी काळजीपोटी केलं, असं सगळे म्हणाले. काळजीपोटी जे झालं ते चौदा मिनिटांत संपलं होतं. त्यानंतरचे अकरा दिवस माझे आहेत.

अण्णा म्हणजे माझे सासरे, दिगंबर शेटे. नांदवडीच्या नदीमापन केंद्रावर ते तंत्रज्ञ होते. गेल्या शतकात सुरू झालेली गोष्ट. काठावर विहिरीसारखा खोल खड्डा, त्यात पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगा, तरंग्याला तार, तारेला चाक, आणि चाकाला अण्णांनी स्वतः जोडलेला संगणक. विकतचा नव्हे. भाग कुठून कुठून आणून, घरी डाग देऊन, पत्र्याच्या पेटीत बसवलेला. हिरव्या अक्षरांचा वीतभर पडदा. दर पावसाळ्यानंतर त्या वर्षीची सगळ्यात वरची पातळी अण्णा एका चिपमध्ये कायमची लिहायचे. १९८७ ते २००५, एकोणीस पावसाळे, एक चिप.

"कागदाला वाळवी लागते, फीत ओलीने चिकटते," ते सांगायचे. "चिपला काय होतंय?"

केंद्रावर नवी यंत्रणा आली तेव्हा जुना संगणक कुणालाच नको होता. अण्णांनी तो चादरीत गुंडाळून घरी आणला आणि माळ्यावर ठेवला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो तिथेच होता. मला वाटलं, शिलाई मशीन आहे.

तो खाली आला दोन हजार अडतीसच्या जानेवारीत. गावाखालच्या लोंढे मळ्यात नवी शाळा आणि अंगणवाडी बांधायचं ठरलं, पूररेषेचा नकाशा लागला, आणि अण्णा ग्रामपंचायतीतून घरी आले ते चपला न काढता सरळ स्वयंपाकघरात.

"सत्त्याण्णवच्या पुराची पातळी तेरा मीटर साठ दाखवलीय! हेमांगी, चौदा पंच्याऐंशी होती. लोंढ्यांच्या गोठ्याच्या पत्र्याला पाणी लागलं होतं. मी उभा होतो तिथे."

"कागद असेल ना केंद्रात?"

"कागद कधीच कुजले. आता सगळं सारस्मृतीत आहे."

सारस्मृती आज घराघरात आहे, तरी ती काय करते हे फार जणांनी विचारलेलं नाही. पूर्वी संगणकात जे ठेवलं ते जसंच्या तसं राहायचं, एकेक आकडा, एकेक ठिपका. मग जगात माहिती एवढी वाढली, की ठेवायला चिपा पुरेनात. तेव्हा हा उपाय निघाला. वस्तू ठेवायची नाही, तिचं सार ठेवायचं, आणि मागितली की सारावरून ती पुन्हा तयार करून द्यायची. लोणच्याची बरणी न ठेवता कृती ठेवण्यासारखं. मागाल तेव्हा ताजं घालून मिळतं, चवीत फरक कळत नाही. पण ही ती बरणी नव्हे. आणि सार काढताना यंत्राला जे नेहमीचं ते खरं वाटतं. क्वचित घडलेलं त्याला चूक वाटते, आणि ते हलक्या हाताने नीट करून ठेवतं.

मला हे माहीत होतं. जुई सहा महिन्यांची असताना तिला एकशेतीन पूर्णांक सहा ताप आला होता. आठवड्याने डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आमच्या घरसाथीने एकशेएक पूर्णांक आठ सांगितला. म्हणजे भिंतीवरच्या त्या यंत्राने, जे घरातलं सगळं ऐकतं आणि लक्षात ठेवतं. एवढ्या वयाच्या बाळांना साधारण तेवढाच येतो. त्या दिवसापासून मी तापाची वही हाताने लिहिते.

सत्त्याण्णव सालचा पूर एकोणीस वर्षांतून एकदाच आला होता. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. नदीला थोडं शहाणं करून ठेवलं होतं, इतकंच.

अण्णांनी हरकत नोंदवली. चौकशीची तारीख मिळाली, मार्चची. पुरावा काय, तर अण्णांची चिप. ती वाचायला अण्णांचा संगणक हवा. आणि संगणक चालू होईना.

"ही मेलीय," अण्णांनी संगणकाच्या आतल्या, चिपा बसवलेल्या पाटीवरच्या एका काळ्या चिपवर बोट ठेवलं. "काम करताना हातात धरायची स्मृती. शाळेच्या पाटीवरच्या अक्षरासारखी, वीज गेली की कोरी. ही नवी मिळाली, की झालं."

"आणि पातळ्या?"

"त्या हिच्यात." शेजारची चिप तशीच काळी, तेवढ्याच पायांची, पण पाठीवर एक मळकट स्टिकर. "याच्याखाली काचेची खिडकी आहे, नखाएवढी. आत बारीक बारीक कप्पे. त्यांत विजेचे कण कोंडून ठेवलेत. कण कोंडलेला कप्पा म्हणजे शून्य, मोकळा म्हणजे एक. पन्नास वर्षं कोंडून राहतील. फक्त कडक अतिनील उजेड लागू द्यायचा नाही. त्याने त्यांना बळ येतं आणि ते पळतात. म्हणून खिडकीवर स्टिकर."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही. ते सांगत होते तेव्हा जुई टेबलाखाली रांगत होती आणि माझे डोळे तिच्या हातांवर होते. मी मान हलवली होती.

चिप शोधायचं काम मी घेतलं. नोकरीवर परत जायला वेळ होता, आणि घरात दिवसभर एका नऊ महिन्यांच्या माणसाशी बोलून मला कशाचा तरी शोध हवाच होता. पन्नास वर्षांपूर्वीची स्मृतीची चिप आता कुणी बनवत नाही. जुन्या संगणकांचे हौशी लोक असतात, त्यांच्या गटात मी शिरले. एकाने दहा पाठवल्या, चकचकीत. अण्णा म्हणाले, "नखांचा रंग काढायचं ते औषध आण." कापसावर घेऊन चिपच्या पाठीवर घासलं तर छापलेला क्रमांक पुसला जाऊन खालून दुसराच निघाला. दहाच्या दहा बनावट. अण्णांना त्याचं दुःख कमी आणि मजा जास्त. "बघ, यांनाही नाव बदलून नांदावं लागतं."

रोज दुपारी जुई झोपली की ते मला शिकवायचे. चिप कशी उपसायची, पाय कसे सरळ करायचे, चिपवर आकडे लिहायचं यंत्र कसं लावायचं. मी पटकन शिकले. त्याचा उपयोग मी पुढे कशासाठी केला, ते येतंच आहे.

शेवटी चिप मिळाली तासगावात, सुलोचना कोष्टी नावाच्या बाईंकडे. वय ऐंशीच्या घरात, पोलिओने एक पाय अधू. मोबाइल यायच्या आधी त्या एसटीडी बूथ चालवायच्या. बिल छापणारं मशीन त्यांनी अजून कपाटात ठेवलं होतं, वर क्रोशाचा रुमाल घालून.

"आत तसल्या दोन हायत म्हणं," त्या म्हणाल्या. "एक काढून घे. पण मशीन चालू करून आणून दे, पोरी. बिल निघतं नव्हं, त्यावर वरती माझं नाव येतं. 'सुलोचना एसटीडी'. माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा तिथंच बघितलं."

"तसंच्या तसं आणून देईन, काकू."

मी मशीन घरी आणलं. अण्णांनी त्यातून हवी ती चिप काढली, मग आपल्या पाटीवरच्या सगळ्या चिपा उपसल्या, पाय घासायला. एका ताटलीत सगळ्या मांडल्या आणि चिपा बसायची सॉकेट साफ करायचं औषध आणायला बाहेर पडले.

मी आत आले तेव्हा जुई टेबलाला धरून उभी होती. पहिल्यांदाच, आपली आपण. आणि तिच्या तोंडात एक चिप होती.

मी ती काढली. जुई किंचाळली. चिपवर लाळ, आणि तो मळकट स्टिकर अर्धा सुटून लोंबत होता. त्याच्याखाली पन्नास वर्षांचा काळा चिकटा. मला त्यात काय काय दिसलं ते सांगत नाही. मी स्टिकर पूर्ण काढला, चिकटा स्पिरिटने पुसला, खालची इवलीशी काच लख्ख झाली. मग ताटलीच ताटली पेटीत ठेवली. सात मिनिटं. टिंग. मला समाधान झालं नाही. पुन्हा सात मिनिटं.

ताटली जागेवर ठेवताना मला ती खिडकी दिसली. स्वच्छ, चमकणारी, आत सोनेरी नक्षी. आणि अण्णांचं वाक्य, जे मी ऐकलंच नव्हतं असं मला वाटत होतं, ते शब्दन्‌शब्द आठवलं.

मी स्टिकर परत चिकटवला. जुना, तोच. अंगठ्याने दाबून बसवला.

तेव्हाच सांगता आलं असतं. अण्णा दहा मिनिटांत परत आले. औषध घेऊन, आणि जुईसाठी राजगिऱ्याचा लाडू घेऊन. "काय म्हणते आमची तंत्रज्ञ?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "उभी राहिली आज, अण्णा." त्यांनी तिला उचलून घेतलं आणि अख्ख्या गल्लीत सांगत फिरले.

दोन दिवसांनी संगणक जोडून झाला. निनादही घरी होता. बटण दाबलं, पडदा हिरवा झाला, अण्णांचा प्रोग्रॅम चालू झाला. प्रोग्रॅमची चिप वेगळी होती, तिचा स्टिकर पेटीतही शाबूत राहिला होता. अण्णांनी टाळी वाजवली. मग वर्षं येऊ लागली. १९८७, २५५. १९८८, २५५. १९८९, २५५.

"२५५ म्हणजे?" निनादने विचारलं.

"कोरं," अण्णा म्हणाले. "काही न लिहिलेली जागा २५५ वाचते."

एकोणीसही वर्षांपुढे २५५ होतं. अण्णांनी चिप उपसली, स्टिकरला बोट लावलं, तो अलगद सुटून आला.

"मीच काढला असणार," ते हळू म्हणाले. "परवा पाय घासताना. उन्हात ठेवली असेन गच्चीवर. मला आठवत नाही."

मी तिथेच होते. हातात जुईची वाटी होती, भातावर वरण होतं, आणि मी ते कालवत होते.

"अण्णा, तुम्ही गेल्या महिन्यात गॅसही चालू ठेवला होता," निनाद म्हणाला. रागाने नाही. त्यामुळे जास्त लागलं असेल.

अण्णांनी मान हलवली. "हो. तो पण मीच."

त्यानंतर माणूस असा बदलत गेला, की बघवेना. रोज नदीची एकोणीस वर्षं तोंडपाठ म्हणणारा माणूस मला विचारू लागला, "हेमांगी, मी गोळी घेतली का गं?" दाराला कडी घालून परत जाऊन बघू लागले. एकदा जुईला कडेवर घेता घेता थांबले आणि म्हणाले, "नको, तूच घे. माझा भरवसा नाही." ग्रामपंचायतीत कुणीतरी म्हणालं म्हणे, म्हातारा चौदा पंच्याऐंशी म्हणतो, पण स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते त्याला आठवत नाही. चष्मा माझ्या पेटीत होता.

मी रोज ठरवायचे, आज सांगायचं. सकाळी ठरवायचे आणि संध्याकाळपर्यंत त्याला काहीतरी कारण मिळायचं. जुईला सर्दी. निनाद घरी नाही. अण्णांचा रक्तदाब. खरं कारण एकच होतं. मी सावध आई आहे, ही माझी एवढी एकच ओळख त्या वर्षात शिल्लक राहिली होती, आणि ती पण गेली तर माझ्याकडे काय राहील, हे मला कळत नव्हतं.

आठव्या दिवशी अण्णा डोळ्यांच्या तपासणीला निनादबरोबर मिरजेला गेले. मी घरसाथीला म्हणाले, "अण्णांनी सांगितलेल्या नदीच्या पातळ्या दे. सत्त्याऐंशी ते दोन हजार पाच."

अण्णांनी त्या यंत्रासमोर शंभरदा म्हटल्या होत्या. क्षणात यादी आली. सत्त्याण्णवपुढे चौदा पंच्याऐंशी. मला हायसं वाटलं. खोटं काय आहे यात, अण्णांचेच तर आकडे.

लिहायला कोरी चिप हवी होती. ती घरात नव्हती. कोष्टीकाकूंच्या मशीनमध्ये मात्र खिडकीवाली एक होती, आमच्यासारखीच, ज्यात बिल छापायचा प्रोग्रॅम होता आणि त्यांचं नाव. मी ती काढली. तिचा स्टिकर सोलला. पेटीत ठेवली आणि बटण दाबलं.

पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं, असं म्हणायला थोडी तरी जागा होती. या वेळी मी पेटीसमोर उभी राहून टिंग वाजायची वाट बघत होते, आणि ती वाजली की पुन्हा बटण दाबत होते, चिप साफ कोरी होईपर्यंत.

मग अण्णांनी शिकवलं होतं तसं यंत्र लावून आकडे लिहिले, चिप पाटीवर बसवली, वर जुना स्टिकर चिकटवला. त्यांची खरी चिप जुईच्या दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकली. फेकवली नाही. एवढंच एक.

अण्णा परत आले. डोळ्यांत औषध घातलेलं, काळा चष्मा.

"अण्णा, मी सहज सॉकेट दाबून बघितलं. सैल होतं. चिपला काही झालेलं नाही."

ते जवळजवळ धावत आले. पडद्याला नाक लावून वर्षं वाचू लागले, मोठ्याने, पाढे म्हटल्यासारखी. सत्त्याण्णवला थांबून माझ्याकडे वळले. "चौदा पंच्याऐंशी!" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं होतं, त्या क्षणी सगळं संपेल, मी सुटेन. हात फार जड होता.

मग पुढची वर्षं. दोन हजार एक. दोन हजार दोन. दोन हजार तीन, अकरा वीस.

अण्णांचा आवाज बंद पडला. त्यांनी काळा चष्मा काढला, पाणावलेल्या डोळ्यांनी परत वाचलं. मग पडदा बंद केला, उठले आणि आपल्या खोलीत गेले. तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. विचारलं काही नाही. गोळी घेतली का, हेसुद्धा नाही.

अकराव्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत होते. ते समोर येऊन बसले.

"उद्या मी चौकशीला जाणार नाही."

"का?"

"ती चिप माझी नाही." ते शांतपणे बोलत होते. "दोन हजार तीनला मी काही लिहिलेलंच नव्हतं. ऑगस्टात पाणी चढलं त्या दिवशी तरंग्याची तार तुटली. मी असतो तर दहा मिनिटांत जोडली असती. मी नव्हतो. तुझ्या सासूबाई मिरजेला दवाखान्यात होत्या, निनादच्या वेळी. कुणाला न सांगता केंद्र सोडून गेलो होतो. परत आलो तोवर पाणी उतरलं होतं. अंदाजाने आकडा टाकावा असं मनात आलं. टाकला नाही. कोरं ठेवलं. यादी म्हणताना ते वर्ष मी गाळतो, कुणाच्या लक्षात आलं नाही. लाज वाटते म्हणून गाळतो."

घरसाथीने गाळलेली जागा भरून दिली होती. शेजारच्या वर्षांवरून, अगदी पटेलसा आकडा.

"मग ही कुठून आली?" अण्णांनी विचारलं. "की हेही मीच केलं आणि विसरलो?"

ते खरंच विचारत होते. माझ्यावर संशय घेण्याआधी ते स्वतःवर घेत होते.

मी सांगितलं. जुईच्या तोंडातली चिप, स्टिकर, पेटी, वरणभाताची वाटी, घरसाथी, कोष्टीकाकूंची चिप. मधे कुठेही 'पण' आलं की मी थांबायचे आणि तो शब्द काढून पुढे जायचे. मेथीची पानं हातात चुरगळून हिरवी झाली होती.

 मला वाटलं, अण्णा ओरडतील. ओरडायला हवे होते.

"किती मिनिटं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पेटीत. माझी चिप. किती मिनिटं होती?"

"सात मिनिटं. दोनदा."

"आणि ती कुठाय? तिच्यात परत काही लिहिलंस का?"

"नाही." मी दुधाच्या पावडरचा डबा आणला.

त्यांनी चिप चिमटीत धरून उजेडात पाहिली. "हे त्याच दिवशी बोलली असतीस तर मी काय म्हणालो असतो, माहितेय? हेच. किती मिनिटं? ऊन म्हटलं की मला वाटलं, आठवडाभर पडली असेल, सगळं गेलं. चौदा मिनिटांत, तुझ्या त्या बाटल्यांच्या दिव्याने, सगळे कण पळत नसतात गं. काही अर्धवट उरतात."

त्यांनी मला समजावलं, पूर्वीसारखं. संगणक पाच व्होल्टवर वाचतो. एवढ्या जोरात अर्धवट भरलेला कप्पाही मोकळा भासतो. जोर कमी केला, तर ज्यात थोडे तरी कण उरलेत तो अडखळतो, आणि मुळात कधीच न भरलेला अडखळत नाही. भिंतीवरचं पुसट अक्षर भर उजेडात दिसत नाही, दिवा मंद करून तिरपा धरला की दिसतं, तसं. "त्या चिपवर तू नवे आकडे लिहिले असतेस ना, तर मग कुणाचा बाप आला असता तरी नाही."

आपली चिप परत पाटीवर बसवून त्यांनी जोर पाचावरून साडेचारवर आणला, पडद्यावर २५५. चारवर आणलं, दोन वर्षं लुकलुकली. तीन पूर्णांक आठवर सत्त्याण्णवपुढे चौदा आलं. त्यापुढचा आकडा कधी पंच्याऐंशी, कधी सत्त्याऐंशी.

"एक कप्पा डळमळतोय," अण्णा म्हणाले. "डळमळू दे. तेरा तर म्हणत नाही ना."

एकोणीसपैकी बारा वर्षं वाचता आली. सहा नुसतीच लुकलुकली, आकडा ठरेना; ती कायमची गेली. ती माझ्यामुळे गेली. दोन हजार तीन मात्र कितीही जोर कमी केला तरी २५५ च राहिलं, स्थिर, न लुकलुकता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गेलो. चौकशी अधिकारी तबस्सुम सौदागर नावाच्या पस्तिशीच्या बाई होत्या. त्यांनी संगणकाकडे पाहिलं, आकडे लुकलुकताना पाहिले, आणि पहिला प्रश्न नेमका विचारला.

"हे एक वर्ष सोडून बाकीची डळमळतात. असं का?"

अण्णा उभे राहिले. "कारण ते एकच वर्ष कधी लिहिलेलं नव्हतं, मॅडम. त्या दिवशी मी कामावर नव्हतो." आणि मग सगळं सांगितलं, निनादच्या समोर. निनाद खाली बघत होता. त्याच्या जन्माच्या दिवसाची ही बाजू त्याला कुणी कधी सांगितली नव्हती.

"आणि बाकीची डळमळीत कशी झाली?"

आता मी उभी राहिले. जुई कडेवर होती, माझं मंगळसूत्र तोंडात घालत होती. मी सांगितलं. बनावट चिपसकट. मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. त्या माणसांना मी रोज भेटते.

टेबलावरच्या यंत्राने नोंद वाचून दाखवली: "घरातील लहान बाळाच्या काळजीपोटी कुटुंबातील सदस्याकडून चुकून चिप अंशतः पुसली गेली."

किती नीट वाक्य होतं. कुणालाही पटेल असं. त्यात अकरा दिवस नव्हते, अण्णांची गोळी नव्हती, कोष्टीकाकू नव्हत्या.

"असं नाही म्हणाले मी," मी म्हणाले.

"सारांशच राहतो हो त्यात," सौदागर बाई म्हणाल्या. "अर्थ तोच आहे."

"नाहीये. मला कागद द्या."

कार्यालयात कागद शोधायला वेळ लागला. मी दोन पानं लिहिली आणि खाली सही केली. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे न बघता फाइलला लावली, आणि निर्णय सांगितला. बारा वर्षांच्या वाचनावरून पूररेषा नव्याने आखायची, तोवर लोंढे मळ्यात वीटही लावायची नाही. अण्णांनी नमस्कार केला. बाहेर आल्यावर ते जुईला म्हणाले, "चल, ये माझ्याकडे," आणि माझ्या कडेवरून तिला घेतलं.

परतताना आम्ही तासगावला थांबलो. कोष्टीकाकूंना मी दारातच सांगितलं. प्रोग्रॅमची प्रत मिळेपर्यंत मशीन चालणार नाही, म्हणाले. त्यांनी क्रोशाचा रुमाल मशीनवर परत घातला, चारी कोपरे सारखे केले. "तसंच्या तसं म्हणालीवतीस," एवढंच बोलल्या. चहा विचारला नाही. त्यांच्यासाठी मी अजून शोधते आहे. जुन्या बूथवाल्यांच्या गटात रोज विचारते. मिळेल.

घरी आल्यावर अण्णांनी चंदेरी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापला. पातळ्यांच्या चिपची काच कोरड्या कापसाने पुसली, वर तुकडा बसवला आणि बारीक टोकाचं पेन माझ्यापुढे धरलं.

"लिही. पुढे कुणी उघडेल, त्याला कळायला हवं, ही अशी का वाचते."

मी लिहिलं: 'अतिनील, १४ मि. सून.'

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "सून म्हणजे कोण? अजून पन्नास वर्षांनी कुणाला कळणार? नाव लिही."

मी 'सून' खोडलं आणि त्याच्यावर लिहिलं, हेमांगी निनाद शेटे. अक्षरं मुंगीएवढी झाली. नावापुढे थोडी जागा उरली होती. 'चुकून' हा शब्द तिथे मावला असता. मी पेनाला टोपण लावलं.